अणूला ‘आठ’ची हौस नसते

सोडिअम आपला इलेक्ट्रॉन का देतो, असं दहावीच्या वर्गात विचारलं की एका सुरात उत्तर येतं: ‘अष्टक पूर्ण करायला!’ परीक्षेत याला गुण मिळतात, पण पुढच्या इयत्तांत याच उत्तरामुळे मुलं अडखळतात. अणूला इच्छा नसते. केंद्रकातला धनप्रभार इलेक्ट्रॉनांना ओढतो, इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात आणि कुठल्या पातळीत किती इलेक्ट्रॉन मावतील हे क्वांटम सिद्धांत ठरवतो. एवढं लक्षात ठेवलं की इलेक्ट्रॉनांच्या मांडणीबद्दलचे आणि आवर्तसारणीबद्दलचे बरेच गैरसमज दूर होतात.

गैरसमज: इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे ठरलेल्या कक्षेत फिरतात.

वस्तुस्थिती: हे चित्र नील्स बोर यांच्या १९१३ च्या प्रारूपातून आलं. हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषांचं गणित त्याने अचूक सोडवलं, पण दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलिअमपाशीच ते अपुरं पडलं. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी मांडलेल्या समीकरणातून इलेक्ट्रॉनची ठरलेली वाट मिळत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच मिळतं. हायड्रोजनमध्ये ही शक्यता केंद्रकापासून सुमारे ५३ पिकोमीटर अंतरावर सर्वाधिक असते, तरी इलेक्ट्रॉन त्याच्या आत आणि बाहेरही सापडू शकतो. वहीत काढलेली वर्तुळं ऊर्जेच्या पातळ्या मोजायला सोयीची आहेत, एवढाच त्यांचा अर्थ.

गैरसमज: पहिल्या कवचात दोन आणि पुढच्या प्रत्येक कवचात आठच इलेक्ट्रॉन मावतात.

वस्तुस्थिती: तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात आणि चौथ्यात ३२. मग कॅल्शिअमची मांडणी २, ८, ८, २ अशी का? कारण तिसरं कवच भरण्याआधीच चौथ्या कवचातल्या ‘४एस’ उपकवचात जाणं त्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या दृष्टीने परवडतं. पुढे स्कँडिअमपासून ‘३डी’ भरू लागतं आणि जस्तापर्यंत मांडणी २, ८, १८, २ अशी होते.

याला जोडून आणखी एक चूक होते. ‘४एस’ आधी भरतं, म्हणून ते रिकामं शेवटी होणार, असं मुलं धरून चालतात. लोहाकडे पाहा. त्याच्या अणूत ‘३डी’मध्ये सहा आणि ‘४एस’मध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात. आयन होताना आधी जातात ते ‘४एस’मधले दोन. तिसरा गेला तर तो ‘३डी’तून जातो आणि +३ प्रभाराचा आयन तयार होतो. लोखंडी गेटवरच्या तांबूस गंजात लोह याच रूपात असतं.

गैरसमज: इलेक्ट्रॉन वाढले की अणू मोठा होतो.

वस्तुस्थिती: गणात खाली जाताना हे खरं ठरतं, कारण दर पायरीला नवं कवच येतं. लिथिअमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, सोडिअमची १८६, पोटॅशिअमची २३१. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना मात्र उलट घडतं. सोडिअमचे ११ इलेक्ट्रॉन आणि १८६ पिकोमीटर. क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन, पण त्रिज्या जेमतेम ९९. दरम्यान केंद्रकातले प्रोटॉनही ११ वरून १७ झालेले असतात. नवे इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात येतात आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ एकमेकांपासून फारशी अडवू शकत नाहीत. त्यामुळे सगळं कवच आत ओढलं जातं.

गैरसमज: आवर्तात आयनन ऊर्जा सरळ रेषेत वाढत जाते.

वस्तुस्थिती: कल वाढीचाच असतो, पण मध्ये दोन खाचा आहेत. एक मोल अणूंसाठी बेरिलिअमची पहिली आयनन ऊर्जा ८९९ किलोज्यूल आहे, तर पुढच्या बोरॉनची ८०१. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या ‘२पी’ उपकवचात असल्याने लवकर सुटतो. नायट्रोजनची १४०२, तर ऑक्सिजनची १३१४. नायट्रोजनचे तीन ‘२पी’ इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या कक्षकांत असतात. ऑक्सिजनच्या चौथ्याला एका कक्षकात जोडीने राहावं लागतं आणि तिथलं प्रतिकर्षण त्याला सोडवायला मदत करतं. हे अपवाद मूळ कारणांतूनच येतात, ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

गैरसमज: सोडिअम इलेक्ट्रॉन खुशीने देतो आणि राजवायू कशाशीच संयोग पावत नाहीत.

वस्तुस्थिती: सोडिअमच्या एक मोल अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल खर्चावे लागतात. तो स्वीकारताना क्लोरीन ३४९ किलोज्यूल परत देतो. म्हणजे अष्टकं दोघांची पूर्ण झाली, तरी हिशेबात १४७ किलोज्यूलची तूटच! ती भरून निघते आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिक बनतात तेव्हा. सुट्या आयनांपासून एक मोल मीठ बनताना सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मिठाचा खडा टिकतो तो या आकर्षणामुळे.

राजवायूंचंही तसंच. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेऊ शकतं, हे नील बार्टलेट यांना दिसलं होतं. त्या रेणूची आयनन ऊर्जा ११६५ किलोज्यूल आणि झेनॉनची ११७०, म्हणजे जवळजवळ सारखी. मग झेनॉन का नाही? १९६२ मध्ये कॅनडात त्यांनी हे दोन वायू एकत्र आणले आणि राजवायूचं संयुग तयार झालं. पूर्ण अष्टकाच्या नियमावर ते विसंबून राहिले असते, तर हा प्रयोग झालाच नसता.

अष्टकाचा नियम टाकून द्यायचा नाही. संयुजा काढायला, रेणुसूत्र लिहायला तो उत्तम आहे. पण तो निरीक्षणांचा सारांश आहे, कारण नव्हे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात आणि तो रेणू व्यवस्थित टिकतो. म्हणून विद्यार्थ्यांनी ‘अष्टक पूर्ण करण्यासाठी’ असं लिहून थांबू नये. ओढ किती, प्रतिकर्षण किती आणि शेवटी ऊर्जा कुठे वाचली, हे पुढच्या ओळीत लिहावं. शिक्षकांनीही त्या ओळीसाठी एक गुण राखून ठेवावा.