बुलबुलाच्या पिल्लांचा टिफिन

वसंत आला की शहरातल्या पक्ष्यांचा मेनू बदलतो. आणि या मेनूतली एक डिश थेट तुमच्या बाल्कनीत तयार होते!

सिग्नलला अडकलात की हॉर्न वाजवण्याऐवजी एकदा वर बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेच्या काटेसावरीवर पान औषधालाही नसतं, पण लालभडक फुलांवर शो हाऊसफुल! साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, अगदी टीचभर शिंपीसुद्धा. सगळे मधुरसाच्या पार्टीला. चोच फुलात खुपसली की डोक्याला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. म्हणजे खाणं फुकट नाही, कुरिअरचं काम करावं लागतं. याच पार्टीत भोरड्याही असतात. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून हिवाळ्यासाठी आलेल्या या पाहुण्या पळसावरही गर्दी करतात, म्हणून त्यांना पळसमैना म्हणतात.

पिल्लं आली, डाएट बदललं

मधुरसात साखर भरपूर, प्रोटीन मात्र नावापुरतं. घरट्यातल्या पिल्लाला तर जेमतेम दोन-तीन आठवड्यांत पिसं फुटून उडायचं असतं. मग दाणे टिपणारी चिमणी अळ्या शोधत फिरते. मधाचा शौकीन शिंजीर पिल्लांसाठी कोळी आणि किडे पकडतो. फळं खाणारा बुलबुलही तेच करतो. तुमच्या अलार्मआधी गाणारा दयाळ तर पक्का कीटकखाऊ. भोरड्या मायदेशी परतल्या की त्याही पिल्लांना टोळ-नाकतोडे भरवतात.

इथेच गोची होते

आपण कठड्यावर प्रेमाने तांदूळ ठेवतो आणि दुसऱ्या हाताने कुंडीवर कीटकनाशक मारतो. म्हणजे आईबाबांना जेवायला बोलवायचं आणि पिल्लांचं ताट उचलायचं! २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, ठिकठिकाणी लाकडी घरटी वाटली जातात. छान आहे. पण आसपास किडेच नसतील तर ते घरटं म्हणजे किचन नसलेला फ्लॅट.

एवढं कराच

* कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर अळ्या दिसल्या तर स्प्रे उचलू नका. चार पानं गेली तर गेली.
* एखादी जास्वंद लावा. शिंजीर हमखास फिरकतो.
* ब्रेड, फरसाण, खारे शेंगदाणे नकोत. ठेवायचेच तर साधे बाजरी-तांदळाचे दाणे, तेही थोडे.
* उथळ मातीच्या ताटलीत पाणी ठेवा आणि रोज बदला, नाहीतर डास पाळाल!
* घरटं दिसलं तर लांबूनच बघा. फोटोसाठी फांदी वाकवू नका.

पुढच्या वेळी कढीपत्त्याचं पान कुरतडलेलं दिसलं तर चिडू नका. बुलबुलाच्या पिल्लांचा टिफिन भरला जातोय.