मत न मागता कायदेमंडळात गेलेले नाना

बालमित्रांनो, भोर, वेल्हे आणि मुळशी मिळून विधानसभेचा एक मतदारसंघ होतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. निवडणूक आली की आई-बाबा बोटाला शाई लावून येतात आणि आपला आमदार मुंबईला जातो. पण १८६२ साली मुंबईत कायदेमंडळ सुरू झालं, तेव्हा मतदान नव्हतंच! सभासद गव्हर्नरसाहेब नेमत. आणि आपल्याकडे? भोरला पंतसचिवांचं संस्थान होतं. तोरणा-राजगडाच्या परिसरातही अंमल त्यांचाच.

त्या मंडळात एक मराठी व्यापारी होते. जगन्नाथ शंकरशेट, सगळ्यांचे नाना! जन्म १८०३ चा, मुरबाडला. १८२२ मध्ये वडील वारले आणि ऐन विशीत पेढीचा सारा भार त्यांच्यावर आला. बाजारात त्यांची पत एवढी, की अरब नि अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसा विश्वासाने त्यांच्याकडे ठेवत, असं सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, असा श्रीमंत, साहेबांच्या ओळखीचा माणूस लोकांसाठी कशाला बोलेल? तर ऐका.

नाना सरकारी शिक्षण मंडळावर होते. मंडळाचे अध्यक्ष पेरीसाहेब यांचा भर इंग्रजीवर. नानांनी १८४७ मध्ये त्यांच्याविरुद्ध लेखी मत दिलं. शिक्षण सर्वांपर्यंत पोचायचं, तर ते लोकांच्या भाषेतूनच हवं! मुलींनी शिकणं लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात, म्हणजे १८४९ मध्ये, त्यांनी मुलींच्या शाळेला गिरगावात जागा दिली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला. या संस्थेने कारभारातल्या उणिवा थेट विलायतेच्या पार्लमेंटला अर्ज करून कळवल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, तिच्यामागेही नानांची खटपट होतीच.

कायदेमंडळात मात्र सभासदांचे हात बांधलेले. समोर आलेल्या कायद्यावर बोलायचं, बस्स! सरकारला प्रश्न विचारायची मुभा मिळाली ती १८९२ च्या कायद्याने. नाना तर १८६५ मध्येच गेले.

म्हणजे बघा, नानांची मोठी कामं खुर्ची मिळण्याआधीचीच. आज आमदारांना प्रश्न विचारता येतात आणि त्यांना निवडायचं आपल्या हाती आहे. तेव्हा पुढच्या निवडणुकीत आई-बाबांना एवढंच विचारा, ‘उभ्या राहिलेल्या माणसाने याआधी आपल्यासाठी काय केलंय?’