गव्हावांचून पंगत

मराठवाड्याच्या चुलीवर गहूं हा पाहुण्यासारखा आला आणि मुक्कामास राहून घरचा धनी होऊन बसला. आज ज्या शहरास छत्रपति संभाजीनगर म्हणतात, त्या औरंगाबादेंत दोन-तीन पिढ्यांपूर्वीं पुष्कळ पांढरपेशा घरींसुद्धां रोजच्या पानांत ज्वारीची भाकरी असे, थंडींत बाजरीची असे, आणि पोळी ही सणावारीं किंवा पाहुणा आला म्हणजे होई. पुढें शिधावाटपाच्या दुकानांतून गहूं आला, हरितक्रांतीनें तो मुबलक झाला, मुलांच्या शाळेच्या डब्यांत पोळीभाजी शिरली, आणि भाकरी ही हुरड्याच्या दिवसांत हौसेनें करावयाची वस्तु झाली. १९७२ च्या दुष्काळांत परदेशची मिलो ज्वारी ज्यांनीं खाल्ली, त्यांच्या मनांत तर ज्वारी आणि टंचाई यांची गांठच पडून गेली. हा पालट बरा कीं वाईट, हा वाद आम्हांस येथें घालावयाचा नाहीं. परंतु ज्या घरांतील एखाद्या मुलास गहूं यापुढें जन्मभर वर्ज्य, असें डॉक्टर सांगतात, त्या घरची गृहिणी "आतां या पोरानें खावें तरी काय?" असें म्हणून डोक्यास हात लावते, तेव्हां तिच्या पणजीस हा प्रश्न समजलाही नसता, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

ह्या विकाराचें वैद्यकांतील नांव सीलिअ‍ॅक. गहूं, जव आणि राय ह्या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. कणीक तिंबली कीं तिला तार सुटते, पोळी ताणली तरी चटकन् तुटत नाहीं, पाव फुगून जाळीदार होतो, हे सारे त्या ग्लूटेनचेच गुण. बहुतेकांस त्यापासून कांहींच अपाय नाहीं. कांहीं जणांच्या शरीरांत मात्र त्याच्याविरुद्ध झुंज सुरू होते आणि तींत लहान आंतड्याच्या आंतील मखमलीसारखें बारीक अस्तर झडून जातें. मग अन्न पोटांत जातें, पण अंगीं लागत नाहीं. मूल वाढत नाहीं, पोट फुगतें, जुलाब हटत नाहींत, रक्त कमी होतें. मोठ्या माणसांत कित्येकदां रक्तक्षय किंवा हाडांचा ठिसूळपणा एवढेंच लक्षण दिसतें. जगभरच्या पाहण्यांवरून हें प्रमाण सुमारें शंभरांत एक असें धरतात. इंग्लंडांत सॅम्युएल गी यांनीं १८८८ सालीं ह्या रोगाचें वर्णन केलें आणि त्याचा इलाज आहारांतच सांपडेल, असा कयासही बांधला; पण खरा अपराधी कोण, हें ठरण्यास आणखी साठ वर्षें लागलीं. विलेम डिके ह्या डच बालवैद्यांस गव्हाचा संशय आधींपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत युद्धामुळें हॉलंडांत उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सारा देश वाळत असतां हीं रोगी मुलें मात्र सुधारूं लागलीं! पाव परत आला तशीं तीं पुन्हां आजारी पडलीं. १९५० मध्यें डिके यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि गव्हावरील आरोप शाबीत झाला. ह्या रोगावर आजही पथ्याखेरीज दुसरें औषध नाहीं.

येथें एक सूचना कळकळीनें करावीशी वाटते. कोणी सांगितलें म्हणून आधीं गहूं सोडावयाचा आणि मग तपासणीस जावयाचें, असें करूं नये. रक्ताची तपासणी, आणि जरूर तर आंतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून करावयाची तपासणी, ह्या दोन्ही गहूं खाण्यांत असतांनाच खरें काय तें सांगतात. तसेंच, ज्यांस हा विकार नाहीं त्यांनीं निव्वळ फॅशन म्हणून पोळीस शत्रु मानण्याचें कारण नाहीं. ज्यास तो आहे त्यास मात्र "एवढ्याशानें काय होतें?" हें वाक्य घातक आहे. एवढ्याशानेंच होतें.

आतां स्वयंपाकाकडे वळूं. मोठ्या दुकानांतून 'ग्लूटेन-फ्री' अशी चिठ्ठी लावलेले जिन्नस मिळतात. किलोमागें वीस मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लूटेन त्यांत नसावें, असा आपल्या देशाचा नियम आहे. ते प्रवासांत उपयोगी पडतात, परंतु त्यांची किंमत पाहतां रोजचा संसार त्यांवर चालावयाचा नाहीं. आणि चालविण्याची गरजही नाहीं. मालदांडी किंवा परभणी मोती ज्वारी ज्या मुलखांत पिकते, त्या मुलखानें बिनगव्हाच्या पिठासाठीं परदेशी पुड्यांचें तोंड पाहावें, हें आम्हांस विचित्र वाटतें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. पण आपल्या आजींच्या हातच्या भाकरीस त्या शिफारसपत्राची आवश्यकता नव्हती.

नवशिक्या सुनेस ज्वारीची भाकरी अवघड वाटते. त्याचें कारण उघड आहे: तींत ग्लूटेन नाहीं, म्हणून कणकेसारखी तार नाहीं. तिचें काम विरीवर चालतें. विरी म्हणजे पिठाचा अंगचा चिकटपणा, आणि ती ताज्या पिठांत असते. आठ-दहा दिवसांपलीकडचें पीठ झालें कीं विरी जाते आणि भाकरी कांठास चिरते. यासाठीं थोडें थोडें दळावें, आणि आधण घालून पीठ भिजवावें. ऊन पाण्यानें पिठांतील सत्त्व फुलतें व गोळा बांधला जातो. तळहाताच्या टांचेनें चांगलें मळावें, एकेका भाकरीपुरतेंच मळावें, थापून तव्यावर टाकतांच वरून पाणी फिरवावें, पाणी सुकण्यापूर्वींच उलटावी, आणि दुसरी बाजू भाजली कीं विस्तवावर शेकावी. थापणें मुळींच न साधल्यास उकळत्या पाण्यांत पीठ घालून उकड काढावी व ती मळून लाटण्यानें लाटावी. भाकरी पोळीसारखी मऊ होते आणि शाळेच्या डब्यांत दुपारपर्यंत कडक होत नाहीं.

धपाटे हा तर आपल्या भागाचा खास पदार्थ. पुष्कळ घरीं त्यांत मिळून येण्यासाठीं मूठभर कणीक घालतात. ती गाळून तिच्या जागीं उकडलेला बटाटा किंवा भिजवलेले पोहे कुस्करून घालावे. दोन वाट्या ज्वारीचें पीठ, अर्धी वाटी डाळीचें पीठ, तिखट, मीठ, हळद, ओवा, तीळ, कोथिंबीर, आणि भिजविण्यास पाण्याऐवजीं आंबट दहीं. ओल्या फडक्यावर थापून, मध्यें भोंक पाडून तव्यावर सोडावे. थालिपिठाची भाजणीही अशीच बिनगव्हाची करतां येते: ज्वारी दोन वाट्या, तांदूळ व हरभऱ्याची डाळ एकेक वाटी, उडीद अर्धी वाटी, धणे पाव वाटी, हें सर्व निरनिराळें भाजून दळावें. उडदाचा चिकटपणा गव्हाची उणीव भरून काढतो. ज्वारीच्या कण्या, आंबील, लाह्या, तांदळाचें धिरडें, मुगाचें घावन, बाजरीच्या खारोड्या, हें सारें आपल्याकडे होतेंच. फक्त फळीवरून खालीं काढावयाचें आहे.

आणि उपासाचा डबा? साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, भगर ह्या सर्वांत ग्लूटेन नाहीं. आमच्या धार्मिक आज्यांनीं एकादशीच्या निमित्तानें एक संपूर्ण बिनगव्हाचें पाकशास्त्रच रचून ठेविलें आहे म्हणावें! भगरीच्या पिठाविषयीं मात्र सावध असावें. नवरात्रांत वा महाशिवरात्रीस जुन्या, बुरसलेल्या पिठानें विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यांतून येत असतात. आयतें पीठ न आणतां भगर निवडून, धुवून, वाळवून घरींच दळावी.

अवघड काम आहे तें लपलेला गहूं हुडकण्याचें. पोळी, शेवया, रवा, दलिया, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, हे उघड शत्रु. पण हिंगाच्या डबीचा संशय कोणास यावा? शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारांतील हिंग पिठांत बांधलेला असतो, आणि तें पीठ बहुधा गव्हाचें किंवा मैद्याचें. वरण, कढी, मठ्ठा, कोशिंबीर, प्रत्येक फोडणींतून तें मुलाच्या पोटांत जातें. आणि सगळें पथ्य पाळूनही गुण कां येत नाहीं, म्हणून घर चिंतेंत पडतें. डबीवरील बारीक अक्षरें वाचावीं व तांदळाच्या पिठांत बांधलेला हिंग मागून घ्यावा. आपल्या आवडत्या येसर आमटीचें येसरही तसेंच. धान्यें भाजून तें करतांना गहूं घालण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. मेतकुटांत गहूं असतो. सातूच्या पिठाचें तर दोन्हीकडून संकट: सातू म्हणजे जव, तो वर्ज्यच, आणि आपल्याकडे त्या नांवानें जें पीठ करतात, त्यांत मुख्य गहूंच.

दुसरा लपण्याचा ठाव म्हणजे गल्लीची गिरणी. आपली ज्वारी जात्यांत पडण्यापूर्वीं शेजाऱ्यांचा गहूं दळून गेलेला असतो आणि त्याचें पीठ दगडांत राहतें. घरघंटी परवडत असेल तर ह्या घरानें ती अवश्य घ्यावी व तींत गहूं कधींही घालूं नये. चाळणी, लांकडी पोळपाट व लाटणें निराळीं असावीं, कारण लांकडाच्या भेगांतून पीठ निघत नाहीं. जुन्या घरीं भाकरीची काठवट आणि कणकेची परात वेगळी असे. त्यामागें वैद्यक नव्हतें, सोय होती. पण ती रीत आज नेमकी उपयोगाची ठरते.

येथवर सर्व हिकमतीनें साधतें. ज्याला हिकमत पुरत नाहीं असा एक भाग आहे, आणि आमच्या मतें तोच मुख्य. सिडको भागांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं आठ वर्षांची मुलगी ह्या विकारानें पीडित आहे. पथ्य उत्तम चाललें होतें. परंतु होळीच्या दिवशीं सर्वांच्या पानांत पुरणपोळी आणि तिच्या पानांत भाकरी. मैत्रिणीच्या वाढदिवशीं सर्वांस केक आणि तिला घरून आणलेला डबा. पुढें पुढें ती पंगतीस बसेनाशी झाली. "मला भूक नाहीं," असें म्हणून खिडकींत जाऊन बसे. तिच्या आजीस तें पाहवेना. त्या माऊलीनें एका सणास पदराआडून पोळीचा चतकोर तिच्या हातीं दिला, आणि पुढचे आठ दिवस पोर अंथरुणास खिळली. सासूसुनेंत जें व्हावयाचें तें झालें. पण त्या सुनेनें शहाणपण असें केलें कीं वेगळें पान मांडण्याची रीतच सणांपुरती बंद केली. मुलीसाठीं वेगळें करावयाचें नाहीं. मुलीस चालेल तेंच सर्वांनीं खावयाचें.

त्यांच्याकडे आतां पुरणपोळी तांदळाच्या उकडीची होते. एक वाटी पाण्यास चमचाभर तूप व चिमूटभर मीठ घालून आधण आलें कीं एक वाटी तांदळाची पिठी त्यांत टाकून ढवळावी, झांकण ठेवून दणकून वाफ आणावी, आणि ऊन असतांनाच तेलपाण्याच्या हातानें मळावी. पुरण नेहमींपेक्षां कोरडें शिजवावें. पारी करून पुरण भरावें आणि केळीच्या पानावर हलक्या हातानें थापून पानासकट तव्यावर उलटी घालावी. पान सुटलें कीं तूप सोडावें. ही पोळी पोळपाटाएवढी होत नाहीं, तळहाताएवढीच बरी. पहिल्या दिवशीं घरच्या पुरुषमंडळींनीं नाक मुरडलें, असें ऐकतों. दुसऱ्या होळीस तीच पोळी मागून घेतली. वाढदिवसाचा केक ज्वारीच्या पिठाचा, केळें व दहीं घालून होतो. तो फार फुगत नाहीं, पण खपतो.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा प्रश्न तेवढा आजींच्या मनास टोंचत होता. रव्याचा शिरा नाहीं तर प्रसाद कसला? आणि प्रसाद नाकारणें म्हणजे तर कथेंतल्या तुंगध्वज राजाचीच गत! घरच्या गुरुजींनीं तो उलगडला, आणि त्यासाठीं त्यांस पोथीबाहेर जावें लागलें नाहीं. सत्यनारायणाच्या पोथींत प्रसादासाठीं केळें, तूप, दूध व गव्हाचें पीठ सांगून, गव्हाच्या अभावीं साळीच्या तांदळाचें पीठ घ्यावें, असें स्पष्ट म्हटलें आहे. साखर नसेल तर गूळही चालतो. त्या घरीं आतां प्रसाद तांदळाच्या रव्याचा होतो, सव्वाच्या मापानेंच. सव्वा वाटी रवा सव्वा वाटी तुपावर मंद आंचेवर खमंग भाजावयाचा, केळ्याच्या चकत्या परतावयाच्या, तीन वाट्या ऊन दूध घालून झांकण ठेवावयाचें, आणि दाणा मऊ शिजल्यावरच सव्वा वाटी साखर घालावयाची. साखर आधीं पडली तर रवा कचकचीत राहतो. आलेल्या सर्वांस तोच प्रसाद मिळतो आणि द्रोण वाटण्याचें काम ती मुलगी करते.

इतर सणांची यादी केली तर भीति पुष्कळ कमी होते. भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी आणि खिचडी, यांत गहूं नाहींच. वेळ अमावास्येस लातूर-धाराशिवाकडे शेतांत जी पंगत बसते, तिच्यांतील भज्जी, आंबील आणि उंडे चालतात. गव्हाची खीर तेवढी तांदळाची करावी. गणपतीस आपल्याकडे कणकेचे तळलेले मोदक करतात, त्यांऐवजीं कोंकणची उकड उसनी घ्यावी. दिवाळींत अनारसे, चिवडा, बेसनाचे लाडू, शेव व तांदळाच्या भाजणीची चकली निर्वेध. करंज्या आणि शंकरपाळे यांनाच पर्याय शोधावा लागतो. करंजीची पारी तांदळाची पिठी व थोडा साबुदाण्याचा मैदा मिळवून साधते, परंतु ती लवकर मऊ पडते, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या सकाळींच तळावी. तळणाचें तेल मात्र नवें घ्यावें. आदल्या दिवशीं ज्यांत शंकरपाळे तळले त्याच कढईंतील तेलांत तळलेली चकली ह्या मुलीस चालत नाहीं.