विश्लेषण : डोंगरातल्या शिकारीसाठी ‘बेअरफूट’ बूट कितपत योग्य?

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात सप्टेंबर महिना म्हणजे धनुष्यबाणाने एल्कची शिकार करण्याचा हंगाम. एल्क हा सांबरासारखाच, पण आकाराने मोठा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन ३०० किलोच्या आसपास असतं. त्याच्या मागावर जाणारे शिकारी वर्षानुवर्षं जाड तळाचे, कडक चामडी बूट घालत आले आहेत. आता त्यांच्यातले काही जण पातळ तळाच्या ‘बेअरफूट’ बुटांकडे वळले आहेत.

हे बूट वेगळे कसे?

त्यांचा तळ पातळ आणि सहज वाकणारा असतो. टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहतात. पुढचा भाग रुंद असल्याने बोटांना पसरायला जागा मिळते. नेहमीच्या धावण्याच्या बुटांत टाच साधारण १० मिलिमीटर उंच असते. इथे ती उंची नसते.

शिकाऱ्याला फायदा काय?

बाण नेमका लागावा, तर जनावराच्या तीस-चाळीस मीटर जवळ जावं लागतं. वाळकी काटकी मोडली तरी कळप उधळतो. पातळ तळातून काटकी पायाला जाणवते आणि पूर्ण भार टाकण्याआधी पाऊल उचलता येतं. अमेरिकेतले मूलनिवासी मऊ कातड्याचे मोकासिन घालत, त्यात हीच सोय होती. शिवाय पाय जमिनीलगत राहतो, त्यामुळे उंच तळाच्या बुटाच्या तुलनेत घोटा मुरगळवणारा जोर कमी पडतो.

अडचण कुठे येते?

तिरक्या उतारावर कडक बुटाची कड मातीत रुतते आणि पायाला आधार देते. लवचिक तळ तिथे वाकतो आणि सगळा ताण पावलाच्या स्नायूंवर येतो. सुट्या, धारदार दगडांवर तासन् तास चालल्यावर तळवे ठणकू लागतात. बर्फात एका जागी दबा धरून बसायचं असेल, तर पातळ तळातून थंडी लवकर शिरते.

खरी कसोटी लागते ती शिकार साधल्यानंतर. मांसाचे भाग करून ते पाठीवर वाहून आणावे लागतात. हाडासकट एका मागच्या तंगडीचं वजनच २५ किलोहून जास्त भरू शकतं. हा भार घेऊन उतरताना प्रत्येक पावलाला चवड्याच्या हाडांवर ताण येतो. गाडीरस्त्यापासून काही मैल आत पाय जायबंदी झाला, तर मदत पोहोचायलाही वेळ लागतो.

सवय कशी करावी?

टाच खाली आल्याने पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, हाडांना मात्र जास्त वेळ लागतो. घाई केली तर चवड्याच्या हाडांना बारीक चिरा पडू शकतात. म्हणून सुरुवात सपाट जमिनीवर, रोज थोडा वेळ चालून करावी. मग चढ-उतार आणि शेवटी पाठीवरचं ओझं, असा क्रम काही महिन्यांत वाढवावा. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे, त्यांनी हे बूट टाळलेलेच बरे.

भारतात काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना मात्र हाच हिशेब लागू पडतो : पाठीवरचं वजन किती, वाट कशी आणि पायांना सराव किती. ओझं हलकं आणि पाय सरावलेले असतील, तर पातळ तळ चालतो. ओझं जड असेल, तर जाड तळाचा बूटच साथ देतो. म्हणूनच काही शिकारी दोन्ही जोड सोबत नेतात.