चार्ल्स ओगलट्री : बचावाचा वकील आणि त्याचे अध्यापन

फौजदारी खटल्यात आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलास समाज एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत असतो : अपराध्याचा बचाव आपण करता तरी कसा? विधिशास्त्रात याची ठरीव उत्तरे आहेत. उभय पक्ष समर्थपणे मांडले गेल्याखेरीज न्याय्य निर्णय संभवत नाही. राज्यसंस्थेच्या सामर्थ्यापुढे एकाकी व्यक्तीस आधार हवा. अमेरिकेत १९६३ च्या गिडिअन खटल्यातील निर्णयाने गंभीर गुन्ह्याच्या निर्धन आरोपीस वकील देणे राज्यांवर बंधनकारक झाले, ते याच भूमिकेतून. परंतु या उत्तरांनी वकिलाचे कृत्य केवळ समर्थनीय ठरते. ते वर्षानुवर्षे करीत राहण्याचे बळ त्याने कोठून आणावे, हा प्रश्न निराळा होय.

चार्ल्स ओगलट्री (१९५२–२०२३) यांना तो अनुभवातून पडला. हार्वर्ड येथे १९७८ साली विधिपदवी घेऊन ते वॉशिंग्टनमधील निर्धन आरोपींसाठी असलेल्या सार्वजनिक बचाव सेवेत दाखल झाले. १९८२ मध्ये, ते या सेवेत असतानाच, पोलीस खात्यात नोकरीस असलेल्या त्यांच्या बहिणीची हत्या झाली. मारेकऱ्यास शिक्षा व्हावी असे भाऊ म्हणून त्यांना वाटणे स्वाभाविकच होते. तरीही आरोपींची वकिली त्यांनी सोडली नाही.

१९८५ पासून हार्वर्डमध्ये अध्यापन करू लागल्यावर या अंतर्विरोधाची त्यांनी मीमांसा केली. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मधील १९९३ च्या लेखात त्यांनी बचावाच्या वकिलास टिकवून धरणाऱ्या दोन प्रेरणा सांगितल्या : सहानुभाव आणि वीरवृत्ती. अशिलाकडे त्याच्यावरील आरोपापलीकडे, एक माणूस म्हणून पाहणे ही पहिली. बलाढ्य प्रतिपक्षाशी झुंजण्याची ईर्षा ही दुसरी. स्वतःचे दुःख त्यांनी या विवेचनात लपविले नाही, हे लेखाचे खरे बळ. दुसरी प्रेरणा मात्र निर्धोक नव्हे. वकील स्वतःस नायक मानू लागला की अशील निमित्तमात्र उरण्याचा संभव असतो.

त्यांच्या ग्रंथलेखनास एक गालबोटही लागले. २००४ च्या ग्रंथात दुसऱ्या अभ्यासकाचा मजकूर नामनिर्देशावाचून आल्याचे त्यांना जाहीरपणे मान्य करावे लागले.

अध्यापक म्हणून त्यांचे अधिक टिकाऊ कार्य १९९० मध्ये हार्वर्ड येथे स्थापिलेल्या फौजदारी न्यायसंस्थेत दिसते. तेथील विद्यार्थी अनुभवी वकिलांच्या देखरेखीखाली बोस्टन परिसरातील न्यायालयांत निर्धन आरोपींची बाजू प्रत्यक्ष मांडतात. पदवी हाती पडण्यापूर्वीच प्रारंभीचा तो प्रश्न त्यांच्यापुढे, एखाद्या अशिलाच्या रूपाने, येऊन उभा राहतो.