एक वीत पाणी

भाऊबीजेला माहेरी गेले होते. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात. घरामागे पन्नास पावलांवर खारबांध आणि बांधापलीकडे खाडी. लहानपणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाला लागलं की आम्ही पोरं बघायला धावायचो. आता मोठ्या उधाणाला तेच पाणी बांधावरून आत येतं. दोन वर्षांपूर्वी परसातली विहीर मचूळ झाली, तेव्हापासून पिण्याचं पाणी वरच्या वाडीतून आणावं लागतं.

फराळ आटोपल्यावर भावजयीनं हळूच विषय काढला. "ताई, कर्ज मंजूर झालंय. जुनं घर पाडून तिथंच स्लॅबचं बांधायचं म्हणतायत हे. वीस वर्षांचे हप्ते आहेत. तुम्ही एवढं वाचता, तर सांगा ना. ध्रुवावरचा बर्फ वितळून समुद्र वर येणार म्हणतात, ते खरं का? हप्ते फिटेपर्यंत तरी घर कोरडं राहील ना?"

मी गप्पच झाले. "बघून सांगते," म्हटलं आणि परत आल्यावर महिनाभर वाचत बसले. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण असा प्रश्न आपल्यापैकी अनेकींच्या घरात आज ना उद्या येणारच आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातूनच केली. एका पेल्यात बर्फाचे खडे टाकून काठोकाठ पाणी भरलं. बर्फ वितळला, पण पाणी सांडलं नाही. दुसऱ्या काठोकाठ भरलेल्या पेल्यावर गाळणी ठेवून तिच्यात खडे ठेवले. थोड्याच वेळात ओटा ओला! समुद्रावर तरंगणारा बर्फ पहिल्या पेल्यातला. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर बसलेला बर्फ गाळणीतला. अंटार्क्टिकावर त्याची जाडी सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सुमारे ७ मीटर चढतील, अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटर. घाबरू नका, हे काही आपल्या हयातीत होणारं नाही. त्याला शतकानुशतकं लागतील. पण त्यातला किती भाग किती लवकर येणार, हाच खरा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञ 'क्लायमेट मॉडेल' वापरतात.

मॉडेल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दिवाळीतला मातीचा किल्ला यायचा. पण हे मॉडेल आकड्यांचं असतं. पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकायची. हवेचे थर, समुद्राच्या पाण्याचे थर, सगळ्यांच्या चौकटी करायच्या. प्रत्येक चौकटीत ऊन किती, वारा कुठला, पाणी किती गरम, किती खारट, आणि त्याचा शेजारच्या चौकटीवर काय परिणाम, याचं भौतिकशास्त्राच्या नियमांनी गणित मांडायचं. मग वेळ थोडी पुढे सरकवायची आणि पुन्हा तेच गणित. असं करत करत शंभर वर्षं पुढे जायचं. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या स्युकुरो मनाबे यांनी १९६०च्या दशकात या कामाचा पाया घातला. त्यासाठी त्यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनंही असं मॉडेल तयार केलंय बरं का!

बर्फासाठी मात्र वेगळी मॉडेलं लागतात, कारण बर्फ आपल्याला वाटतो तसा जागच्या जागी बसून राहत नाही. ताटात घट्ट काकवीचा ढीग ओतला की तो स्वतःच्याच वजनानं कडेकडे सरकतो, तसा हा बर्फ हळूहळू समुद्राकडे सरकत असतो. काठाशी आल्यावर त्याची पुढची जीभ पाण्यावर तरंगते आणि मागच्या बर्फाला अडवून धरते, बाटलीच्या बुचासारखी. खालून कोमट समुद्राचं पाणी ही जीभ झिजवतं. बूच निघालं की मागचा बर्फ सुटतो. २००२ मध्ये अंटार्क्टिकातला 'लार्सन बी' नावाचा तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठा तरंगता बर्फ अवघ्या महिना-दीड महिन्यात फुटून गेला, आणि मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला.

मॉडेलवर विश्वास कसा ठेवायचा? भिशीच्या वहीसारखा, मागचा हिशेब जुळतो का ते बघून. मॉडेल आधी गेल्या वर्षांवर चालवतात आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहतात. २००२ पासून एकामागोमाग फिरणाऱ्या उपग्रहांच्या जोड्या गुरुत्वाकर्षणावरून चक्क बर्फाचं वजन करतात. त्यातून दिसतं की ग्रीनलँड वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावतंय आणि अंटार्क्टिका त्याच्या साधारण निम्मा. ३६० अब्ज टन बर्फ म्हणजे समुद्राला सुमारे एक मिलिमीटर.

मला सर्वांत भावला तो या शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणा. २००७च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालात समुद्र किती चढेल याचे आकडे दिले होते. पण बर्फ अचानक वेगानं सरकू लागला तर काय, हे गणित त्यात धरलेलं नाही, असंही तिथंच स्पष्ट लिहिलं होतं, कारण तेव्हा ते मांडता येण्याइतकं ज्ञान नव्हतं. २०२१च्या अहवालात ते बरंच पुढे गेलं. १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २०५० पर्यंत समुद्र साधारण २० सेंटिमीटर चढेल, म्हणजे जवळजवळ एक वीत. आपण धूर कमी करो वा न करो, यात फार फरक नाही. फरक पडतो तो पुढे. प्रदूषण झपाट्यानं आवरलं तर शतकाअखेर २८ ते ५५ सेंटिमीटर, साधारण एक हात. नाही आवरलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर, म्हणजे दोन हातांपर्यंत. आणि बर्फ अनपेक्षितपणे कोसळू लागला तर दोन मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असं त्यांनी लिहिलंय.

एक गोष्ट वाचून तर मी थक्क झाले. बर्फाचा एवढा मोठा ढीग आजूबाजूचं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ सैल होते. त्यामुळे ग्रीनलँडचा बर्फ वितळला की ग्रीनलँडच्या काठाशी समुद्र उलट खाली जातो आणि दूरच्या उष्ण प्रदेशांत सरासरीपेक्षा जास्त चढतो. बर्फ तिकडचा, पाणी आपल्या दारात!

तसं आपलं या बर्फाशी नातं जुनंच. १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या त्या पहिल्या स्त्रिया.

मग भावजयीला फोन केला. म्हटलं, "अगं, विहीर मचूळ झाली ती बर्फामुळेच, असं मी म्हणणार नाही. बांधाची डागडुजी रखडलीय, तेही आहेच. हप्ते फिटेपर्यंतचं विचारशील तर उत्तर आहे एक वीत. पण ती वीत ओहोटीच्या पाण्यावर नाही, उधाणाच्या डोक्यावर धर. आणि घर काही वीस वर्षांसाठी बांधत नाही आपण. पोरगी तिथं म्हातारी व्हायची आहे."

ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "वरच्या भरडावर काजूची जागा आहे. यांना पटवते."

भाऊ आधी चिडला. आई रडली, तिचं तुळशीवृंदावन, तिचा माड, सगळं खालीच. शेवटी ठरलं, नवं घर वर आणि आई आहे तोवर जुनं घर तसंच ठेवायचं.

गेल्या महिन्यात महिला ग्रामसभेत बांधाचा विषय निघाला. "नवा बांध होणार," असं सांगण्यात आलं. बायका उठायला लागल्या, तेवढ्यात माझी भावजय उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलली. तिनं एवढंच विचारलं, "होणार ते ठीक. पण उंची किती धरलीय? एक वीत जास्त, की दोन हात?"

उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सभेत ती पुन्हा विचारणार आहे आणि या वेळी वाडीतल्या अकरा जणी तिच्यासोबत जाणार आहेत.