डेट्रॉईट लायन्सचा २००८ चा हंगाम

डेट्रॉईट लायन्स हा अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉईट शहराचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ आहे. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या ३२ संघांच्या स्पर्धेत २००८ साली हा संघ आपले सर्वच्या सर्व १६ साखळी सामने हरला. १९७८ मध्ये हंगाम १६ सामन्यांचा झाला, तेव्हापासून एकही विजय किंवा बरोबरी पदरी न पडलेला हा पहिलाच संघ होय. त्यापूर्वी १९७६ साली टँपा बे बकनियर्स संघ आपले सर्व १४ सामने हरला होता. मात्र तो संघ त्याच वर्षी नव्याने स्पर्धेत उतरला होता. लायन्स संघ १९३४ पासून डेट्रॉईटमध्ये खेळत होता आणि त्याच्या नावावर चार विजेतेपदे होती. त्यांतील शेवटचे १९५७ सालचे.

पार्श्वभूमी

एनएफएलमध्ये दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार निवड होते. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला पहिली निवड मिळते. दुर्बल संघांना सावरण्याची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू. मात्र ही संधी वाया गेली, तर संघाची दुर्बलता वर्षानुवर्षे टिकून राहते.

लायन्सच्या बाबतीत तसेच घडले. २००१ साली माजी खेळाडू व समालोचक मॅट मिलेन यांच्याकडे संघाची सूत्रे आली. त्यांच्या कारकिर्दीत २००३, २००४, २००५ आणि २००७ या चार वर्षी पहिल्या फेरीची निवड 'वाईड रिसीव्हर' या एकाच जागेसाठी खर्च झाली. वाईड रिसीव्हर म्हणजे दूरवर फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. या चौघांपैकी २००७ साली निवडलेले कॅल्विन जॉन्सन तेवढे असामान्य ठरले. याच काळात संघाची बचावफळी दुबळी राहिली.

२००७ च्या हंगामात पहिल्या आठपैकी सहा सामने जिंकूनही उरलेल्या आठपैकी सात सामने संघाने गमावले. २००८ च्या हंगामापूर्वीचे चारही सराव सामने मात्र लायन्सने जिंकले. या सामन्यांत प्रमुख खेळाडू थोडाच वेळ खेळतात. त्यामुळे तेथील यशावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. हे या हंगामाने ठळकपणे दाखवून दिले.

हंगामाचा प्रवास

पहिल्याच सामन्यात अटलांटा फाल्कन्सचे नवोदित क्वार्टरबॅक मॅट रायन यांनी व्यावसायिक कारकिर्दीतील आपल्या पहिल्याच फेकीवर ६२ यार्डांचा टचडाऊन साधला. सलग तीन पराभवांनंतर २४ सप्टेंबर रोजी मिलेन यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या कार्यकाळात संघाने ३१ सामने जिंकले व ८४ गमावले होते.

१२ ऑक्टोबरचा मिनेसोटा व्हायकिंग्सविरुद्धचा सामना विशेष लक्षात राहिला. प्रतिस्पर्ध्यांना चुकवताना लायन्सचे क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की नकळत आपल्याच एंड झोनच्या मागील सीमारेषेबाहेर गेले. अशा चुकीला 'सेफ्टी' म्हणतात व तिचे दोन गुण प्रतिस्पर्ध्यास मिळतात. लायन्स तो सामना १०–१२ असा, म्हणजे दोनच गुणांनी हरले. त्यानंतर दोन दिवसांनी वाईड रिसीव्हर रॉय विल्यम्स यांना डॅलस काउबॉइज संघाकडे देऊन त्यांच्या बदल्यात ड्राफ्टमधील निवडी घेण्यात आल्या.

सगळेच पराभव एकतर्फी नव्हते. शिकागो बेअर्सविरुद्ध मध्यंतराला २३–१३ अशी आघाडी असूनही लायन्स २३–२७ असे हरले. टँपा बेविरुद्ध १७–० ही आघाडीही टिकली नाही. मिनेसोटाविरुद्धचा दुसरा सामना चार गुणांनी गेला. याउलट २७ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, टेनेसी टायटन्सने ४७–१० असा दणदणीत विजय मिळवला. त्या सणाच्या दिवशी डेट्रॉईटमध्ये सामना खेळवण्याची प्रथा १९३४ पासूनची असून तो देशभर पाहिला जातो.

सामन्यांचे निकाल (लायन्सचे गुण आधी)

अटलांटा २१–३४, ग्रीन बे २५–४८, सॅन फ्रान्सिस्को १३–३१, शिकागो ७–३४, मिनेसोटा १०–१२, ह्यूस्टन २१–२८, वॉशिंग्टन १७–२५, शिकागो २३–२७, जॅक्सनव्हिल १४–३८, कॅरोलायना २२–३१, टँपा बे २०–३८, टेनेसी १०–४७, मिनेसोटा १६–२०, इंडियानापोलिस २१–३१, न्यू ऑर्लिन्स ७–४२, ग्रीन बे २१–३१.

कारणमीमांसा

संघाने एकूण २६८ गुण मिळवले आणि ५१७ गुण दिले. म्हणजे सरासरीने दर सामन्यात ३२ हून अधिक. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच हस्तगत करण्यात बचावफळीला अख्ख्या हंगामात केवळ चार वेळा यश आले. आक्रमणाची सूत्रे हाताळणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी जॉन किटना, ऑर्लोव्स्की आणि डॉन्टे कलपेपर अशा तिघांना खेळवावे लागले. कलपेपर तर हंगाम निम्मा झाल्यावर संघात आले. अशाही स्थितीत जॉन्सन यांनी १,३३१ यार्ड व १२ टचडाऊन अशी कामगिरी केली. एका असामान्य खेळाडूमुळे संपूर्ण संघाची उणीव भरून निघत नाही, हेच त्यावरून स्पष्ट होते.

शहर आणि संघ

संघाचे मालक विल्यम क्ले फोर्ड हे मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांचे नातू होते. डेट्रॉईट हे अमेरिकी मोटार उद्योगाचे माहेरघर. आणि नेमका हाच उद्योग त्या हिवाळ्यात संकटात सापडला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये तीन मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी साहाय्य मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले. पुढील वर्षी त्यांपैकी क्रायस्लर व जनरल मोटर्स या दोन कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. मैदानाची सर्व तिकिटे खपली नाहीत तर स्थानिक दूरचित्रवाणीवर सामना दाखवायचा नाही, असा लीगचा तेव्हा नियम होता. त्यामुळे घरच्या मैदानावरील काही सामने डेट्रॉईटकरांना घरी बसून पाहताही आले नाहीत.

परिणाम

२८ डिसेंबरला ग्रीन बे येथे शेवटचा सामना झाला आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक रॉड मॅरिनेली यांना पदमुक्त करण्यात आले. त्यांच्या जागी जिम श्वार्ट्झ आले. २००९ च्या ड्राफ्टमधील पहिल्या निवडीतून मॅथ्यू स्टॅफर्ड हे क्वार्टरबॅक संघाला मिळाले. २७ सप्टेंबर २००९ रोजी वॉशिंग्टनवर १९–१४ असा विजय मिळवून लायन्सने सलग १९ पराभवांची मालिका खंडित केली. २०११ साली १० विजय मिळवून संघ १९९९ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला. परंतु बाद फेरीतील विजयासाठी जानेवारी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. तो विजय मिळाला लॉस एंजेलस रॅम्सविरुद्ध, आणि रॅम्सचे क्वार्टरबॅक तेव्हा स्टॅफर्डच होते.

१६ पैकी १६ पराभवांच्या या नोंदीशी पुढे २०१७ साली क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने बरोबरी केली. २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाला आहे.